फोर्सबर्ग ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांसाठी

पीटर फोर्सबर्गचं नाव निघालं की आइस हॉकीच्या चाहत्यांमध्ये एक ठरावीक युक्तिवाद फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मुद्दे तेच. अख्ख्या कारकिर्दीत गोल जेमतेम 249, एका हंगामात तीसच्या वर कधी गेलाच नाही. मोठा झाला तो एका पेनल्टीमुळे आणि त्या पेनल्टीवर निघालेल्या पोस्टाच्या तिकिटामुळे. दोन स्टॅनले कप (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची विजेतेपदं) मिळाले ते कोलोरॅडो संघातले सहकारी जो सॅकिक आणि गोलरक्षक पॅट्रिक रुवा यांच्या जिवावर, त्यातला दुसरा तर हा हॉस्पिटलात पडलेला असताना. अंगाने नाजूक, म्हणून निम्मी कारकीर्द दवाखान्यात गेली. आणि हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती ‘बिचारा, दुखापती नसत्या तर...’ या हळहळीपोटी.

हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ज्यांनी त्याला खेळताना पाहिलेलं नाही त्यांना ते पटतं. आपल्याकडे हा खेळ बघणारे थोडे, त्यामुळे जे कानावर पडेल ते खरं मानलं जाण्याची शक्यता आणखी जास्त. म्हणून एकेक मुद्दा घेऊन नीट बघायला हवं. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, तोही मी लपवणार नाही.

आधी माणूस कोण ते सांगतो. 20 जुलै 1973 चा जन्म, गाव ओर्नशोल्ड्सविक, स्वीडनच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं. तीस हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव, तिथला क्लब मोडो. वडील केंट फोर्सबर्ग हे मोडोचे आणि पुढे स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक. त्याच गावात, त्याच महिन्यात, दहा दिवसांनी मार्कुस नेसलुंड जन्मला आणि दोघं एकाच क्लबात वाढले. सेदीन जुळे भाऊही याच गावचे. एवढ्याशा गावातून एवढे खेळाडू कसे निघाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गोल कमी, म्हणून खेळाडू लहान?

249 हा आकडा खरा आहे. पण तो एकटाच सांगितला जातो, शेजारचा सांगितला जात नाही. शेजारचा आकडा आहे 636 असिस्ट. एकूण 885 गुण, 708 सामन्यांत.

ज्यांना हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी: आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्या गोलाआधी पक (खेळाची रबरी चकती) ज्यांच्याकडून आला अशा जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. असिस्ट म्हणजे शाबासकीची थाप नव्हे, तो गोलाइतकाच मोजला जातो. फोर्सबर्ग सेंटर होता. दोन विंगर्सना (बाजूच्या आक्रमकांना) खेळवणं, फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठी होणारी झटापट) घेणं आणि पक गेला की आपल्या गोलपर्यंत धावत येऊन बचावपटूंना मदत करणं, ही तिन्ही कामं सेंटरची. त्याने गोल किती मारले एवढंच विचारायचं म्हणजे त्याच्या कामाचा लहानातला लहान भाग मोजायचा.

निवृत्त झाला तेव्हा दर सामन्यामागे असिस्टच्या सर्वकालीन यादीत त्याच्या पुढे तीन नावं होती: वेन ग्रेट्झ्की, मारिओ लेम्यू, बॉबी ऑर. त्यांच्यानंतर फोर्सबर्ग. या यादीत चौथा असलेल्या माणसाबद्दल ‘गोल कमी मारले’ अशी तक्रार करायची असेल तर ती खुशाल करावी, पण मग निदान ही यादी तरी सोबत द्यावी.

आणि काळ कोणता होता? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एनएचएलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून आठच्या आसपास गोल व्हायचे. फोर्सबर्गची ऐन भराची वर्षं गेली ती त्यानंतरच्या कोरड्या काळात. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात सापळे लावून बसलेले संघ, गोलरक्षकांची फुगलेली पॅडं, आणि स्टिक अडकवून खेचलं तरी शिट्टी न वाजवणारे पंच. 2003-04 च्या हंगामात तर सामन्यामागे सरासरी पाचच्या थोडे वर गोल झाले. त्या काळात दर सामन्याला सव्वा गुण काढणारा माणूस आणि 1983 मध्ये सव्वा गुण काढणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तो एनएचएलमध्ये उतरला 1995 च्या जानेवारीत, लॉकआउट (संघमालकांची टाळेबंदी) संपल्यावर. पहिल्याच तुटपुंज्या हंगामात 47 सामन्यांत 50 गुण आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. पुढे 82 सामन्यांत 116. मग 65 सामन्यांत 86, 72 मध्ये 91, 78 मध्ये 97, 49 मध्ये 51, 73 मध्ये 89, 75 मध्ये 106, 39 मध्ये 55, 60 मध्ये 75. एनएचएलमध्ये तो खेळलेल्या पहिल्या दहा हंगामांपैकी एकाही हंगामात त्याचे गुण सामन्यांपेक्षा कमी भरले नाहीत. एकही नाही. अधूनमधून चमकणाऱ्या खेळाडूचा आलेख असा नसतो.

एका पेनल्टीने मोठा झाला?

ही पेनल्टी स्वीडनमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, आणि ती विसरण्यासारखी नाहीच. 27 फेब्रुवारी 1994, लिलेहॅमर, ऑलिंपिकची अंतिम लढत, स्वीडन विरुद्ध कॅनडा. शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना माग्नुस स्वेनसनने बरोबरी साधली, 2-2. जादा वेळेतही निकाल नाही. मग शूटआउट, आणि तोही बरोबरीत, म्हणून ‘आता चुकला तो संपला’ अशी फेरी.

फोर्सबर्ग पक घेऊन कॅनडाचा गोलरक्षक कोरी हर्शवर चालून गेला. डावीकडून मारणार असा आव आणला, हर्श त्या बाजूला सरकला. फोर्सबर्गचं शरीर डावीकडे निघून जात होतं, पक मात्र मागे राहिल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात त्याने एक हात स्टिकवरून सोडला आणि उरलेल्या एका हाताने, हात जेवढा लांब जाईल तेवढा नेऊन, पक हर्शच्या ग्लव्हच्या पलीकडून आत ढकलला. त्यानंतर टॉमी सालोने पॉल कारियाचा फटका अडवला आणि स्वीडनला ऑलिंपिक हॉकीतलं पहिलं सुवर्ण मिळालं. पुढल्या वर्षी स्वीडनच्या पोस्टाने त्यावर तिकीट काढलं. आपला पराभव तिकिटावर छापला जावा हे हर्शला मान्य नव्हतं, म्हणून तिकिटावरच्या गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग आणि नंबर बदलले गेले.

आता दाव्याकडे येऊ. पहिली गोष्ट, त्या शूटआउटमध्ये फोर्सबर्गचा हा एकच गोल नव्हता. आधीच्या पाचांच्या फेरीतही त्याने गोल केला होता. स्वीडनचे तीन गोल झाले, त्यातले दोन त्याचे. दुसरी गोष्ट, ही युक्ती त्याने आयत्या वेळी शोधलेली नव्हती. त्याच्याआधी केंट निलसन या स्वीडिश खेळाडूने 1989 च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध ती करून दाखवली होती. मोठेपणा तिच्या नवेपणात नव्हताच. तो होता चुकलो तर सुवर्ण गेलं अशा वेळी, विशीतल्या पोराने ती करून बघण्यात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: तो गोल होण्याआधीच तो मोठा खेळाडू होता. 1993 च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत, गेव्हले इथे, त्याने सात सामन्यांत 31 गुण काढले. सात गोल, 24 असिस्ट. हा विक्रम आजही उभा आहे. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की त्यातले दहा गुण जपानला 20-1 ने हरवलं त्या एकतर्फी सामन्यातले. बरोबर आहे. ते दहा वजा करा. उरतात सहा सामन्यांत 21, म्हणजे सामन्यामागे साडेतीन. एखादा बरा सेंटर तेवढ्यावरच जन्मभर मिरवेल. आणि त्याच्याही आधी, 1992 मध्ये, अठराव्या वर्षी तो स्वीडनच्या मोठ्या संघातून जागतिक विजेता झाला होता.

ऑलिंपिकनंतरचं बघायचं तर 1998 ची जागतिक स्पर्धा घ्या. कोलोरॅडो प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर तो स्वीडनकडून खेळायला गेला. प्रशिक्षक वडील होते. स्वीडनने सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम फॉरवर्ड म्हणून फोर्सबर्ग निवडला गेला. 2006 ला तुरिनमध्ये दुसरं ऑलिंपिक सुवर्ण, फिनलंडविरुद्ध 3-2. निर्णायक गोल तिसऱ्या सत्राच्या दहाव्या सेकंदाला निकलास लिडस्ट्रोमने मारला, तो सुंदीन आणि फोर्सबर्ग यांच्या चालीतून.

ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा आणि स्टॅनले कप, तिन्ही जिंकणारे खेळाडू मुळातच मोजके. त्यातही प्रत्येक किताब किमान दोनदा जिंकलेले शोधायला गेलात तर फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह ही सोव्हिएत काळातली मोठी नावं भेटतात, आणि त्यांच्या शेजारी फोर्सबर्ग. एका पेनल्टीवर माणूस तिथवर पोहोचत नाही.

कप सॅकिक-रुवाने जिंकले, हा नुसता बसला होता?

हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात सॅकिक आणि रुवाचा आदर करण्याचा बहाणा करून तिसऱ्याला खाली ओढलं जातं. सॅकिक थोर खेळाडू होता, त्याबद्दल वाद नाही. 1996 च्या प्लेऑफमध्ये त्याने 18 गोल, 34 गुण काढले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळायला हवा होता, मिळालाही. रुवा त्या हंगामात डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलहून आला आणि संघाचा पाया बदलला.

पण त्याच 1996 मध्ये फोर्सबर्गने नियमित हंगामात 116 गुण आणि प्लेऑफच्या 22 सामन्यांत 21 गुण काढले. फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात तर पहिल्याच सत्रात, म्हणजे वीस मिनिटांच्या आत, हॅटट्रिक केली. तो सामना 8-1 असा संपला आणि मालिका 4-0 अशी. समोरच्या संघाला दोन पहिल्या फळीच्या ओळी (एकत्र उतरणारे तीन-तीन फॉरवर्ड) रोखायच्या होत्या. सॅकिकवर आपली सर्वोत्तम बचावजोडी सोडली की फोर्सबर्ग मोकळा, आणि फोर्सबर्गवर सोडली की सॅकिक. कोलोरॅडोची ताकद या पेचात होती. एकाच्या जिवावर दुसरा जिंकला असं म्हणणाऱ्यांनी हा पेच समजूनच घेतलेला नाही.

2001 चं काय? हा तो अर्धा खरा मुद्दा. दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस किंग्जला सातव्या सामन्यात हरवलं त्याच रात्री फोर्सबर्गच्या पोटात असह्य दुखायला लागलं. प्लीहा फाटली होती. तातडीने शस्त्रक्रिया करून ती काढून टाकावी लागली. उपांत्य आणि अंतिम मालिका तो खेळला नाही, आणि कोलोरॅडोने न्यू जर्सीला सात सामन्यांत हरवून कप जिंकला. अंतिम मालिकेचं श्रेय त्याला देता येणार नाही, कोणी देऊही नये. पण ‘त्याच्याशिवाय जिंकले’ म्हणताना पहिल्या दोन फेऱ्या कुठे जातात? त्यांतल्या 11 सामन्यांत त्याचे 14 गुण होते. किंग्जविरुद्धची मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली होती. ती हरले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि मग 2002, जे या युक्तिवादात कधीच येत नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीर साथ देईना म्हणून फोर्सबर्ग 2001-02 चा अख्खा नियमित हंगाम बाहेर बसला. एकही सामना नाही. एकदम प्लेऑफमध्ये उतरला, जिथे खेळ सर्वांत वेगवान आणि सर्वांत आडदांड असतो, आणि समोरचे सगळे 82 सामन्यांची लय घेऊन आलेले असतात. त्याने 20 सामन्यांत 27 गुण काढले. कोलोरॅडो उपांत्य मालिकेत डेट्रॉइटकडून सातव्या सामन्यात हरलं, म्हणजे अंतिम मालिका तो खेळलाच नाही. तरीही त्या वर्षीच्या संपूर्ण प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच राहिले. कप जिंकणाऱ्या डेट्रॉइटमध्येही त्याच्या पुढे कोणी गेला नाही. 1999 मध्येही असंच घडलं होतं: 19 सामन्यांत 24 गुण, संघ उपांत्य मालिकेत डॅलसकडून सातव्या सामन्यात बाद, आणि तरी प्लेऑफचा सर्वाधिक गुणांचा मानकरी फोर्सबर्ग. त्या उन्हाळ्यात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. अंतिम फेरीत न पोहोचता दोनदा प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण मिळवणं किती अवघड आहे याचा विचार करा. अंतिम फेरी खेळणाऱ्यांना आणखी किमान चार सामने मिळालेले असतात.

सॅकिकच्या सावलीचा प्रश्न 2002-03 च्या हंगामाने कायमचा मिटायला हवा होता. त्या वर्षी सॅकिक दुखापतीमुळे 58 सामनेच खेळू शकला, गुणही 58. म्हणजे ‘सॅकिक नसेल तर याचं काय होईल’ ही परीक्षाच झाली. फोर्सबर्गने 75 सामन्यांत 29 गोल आणि 77 असिस्ट, एकूण 106 गुण काढून लीगमधल्या सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी घेतली. शिवाय सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफीही. गुणांची ती शर्यत हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेली आणि 104 वर थांबलेला प्रतिस्पर्धी होता मार्कुस नेसलुंड, तोच गावातला बरोबरीचा पोरगा. जगातल्या सर्वोत्तम लीगच्या पहिल्या दोन जागा ओर्नशोल्ड्सविकच्या दोघांनी घेतल्या त्या दिवशी मोडोत काय वातावरण असेल!

त्याच हंगामातला आणखी एक आकडा: प्लस-मायनस +52. बरोबरीच्या माणसांत खेळ चालू असताना तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, यातला हा फरक. लीगमध्ये तो सर्वाधिक होता, संघातल्या मिलान हेय्दुकबरोबर वाटून. हा आकडा एकट्याचा नसतो हे मान्य, पण जो माणूस फक्त हल्ला करून परत येत नाही त्याच्या नावावर तो लागत नाही.

नाजूक युरोपियन?

स्वीडिश खेळाडू भित्रे असतात हा उत्तर अमेरिकेतला जुना टोमणा. 1973 मध्ये टोरंटोत आलेल्या बोर्ये साल्मिंगने तो अंगावर घाव झेलत झेलत मोडून काढला. फोर्सबर्गला तो चिकटवणाऱ्यांनी मात्र त्याचं एकही सत्र पूर्ण पाहिलेलं नसावं.

एक दृश्य सांगतो, कारण तेच त्याची खूण होती. कोपऱ्यात, मैदानाभोवतीच्या लाकडी फळीजवळ, पक त्याच्या स्टिकवर. मागून बचावपटू धडक द्यायला पूर्ण वेगात येतो. इतर खेळाडू अशा वेळी पक सोडून देतात किंवा धडक सोसून घेतात. फोर्सबर्ग पाय रुंद रोवून कंबर खाली घ्यायचा, आणि समोरचा पोहोचणार त्याच्या निमिषभर आधी स्वतःच मागे, त्याच्या छातीत घुसायचा. धडक द्यायला आलेलाच बर्फावर बसायचा. पक अजून याच्याकडे. मग एका हाताने उरलेल्या बचावपटूला लांब धरून, दुसऱ्या हातातल्या स्टिकने पक जपत, तो फळीपासून सुटायचा आणि गोलसमोर धावत येणाऱ्या विंगरच्या पात्यावर पास ठेवायचा. उंची 183 सेंटिमीटर, वजन नव्वदीच्या पुढे, म्हणजे लीगच्या मानाने राक्षस वगैरे नव्हे. ताकद होती ती मांड्यांत आणि तोल सांभाळण्यात. कारकिर्दीत 690 मिनिटं त्याने शिक्षेच्या बाकावर काढली आहेत. नाजूक माणसाच्या नावावर एवढी मिनिटं जमत नाहीत.

मला वाटतं, त्याला अष्टपैलू म्हणायचं ते याच अर्थाने. पास देणारा सेंटर, अंगावर जाणारा सेंटर आणि बचाव करणारा सेंटर हे बहुतेक संघांत तीन वेगळे खेळाडू असतात, आणि प्रशिक्षक त्यांना वेगवेगळ्या ओळींत उतरवतात. कोलोरॅडोकडे हे तिन्ही एका माणसात होते. तुलनेत ज्यांचे गोल जास्त त्यांच्यातले कितीजण मागे धावत येऊन पक हिसकावायचे, हे कोणी विचारत नाही.

दुखापतींचा संबंध नाजूकपणाशी नसून नेमका याच्या उलट गोष्टीशी होता. सोपं खेळला असता, धडका चुकवल्या असत्या, तर शरीर जास्त टिकलं असतं असं म्हणता येईल. मग तो 2002 मध्ये 27 गुण काढणारा खेळाडू राहिला असता का, हेही विचारावं लागेल. माझ्या मते, नाही.

लिंड्रोसच्या सौद्यातला ‘वरचा माल’?

हा मुद्दा थोडक्यात आटपतो. 1991 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंवर संघ आळीपाळीने हक्क घेतात त्या निवडीत) क्युबेक नॉर्डिक्सने पहिल्या क्रमांकावर एरिक लिंड्रोसला घेतलं, फिलाडेल्फिया फ्लायर्सने सहाव्यावर फोर्सबर्गला. लिंड्रोसने क्युबेकला जायला साफ नकार दिला. वर्षभराने क्युबेकने त्याला एकाच वेळी दोन संघांना विकल्यासारखं केलं, लवादाला मध्ये पडावं लागलं आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. बदल्यात क्युबेकला मिळालं ते असं: माइक रिची, रॉन हेक्स्टॉल, स्टीव्ह ड्युशेन, केरी हफमन, ख्रिस सायमन, दोन पहिल्या फेरीचे ड्राफ्ट हक्क, दीड कोटी डॉलर, आणि फोर्सबर्ग. 1995 मध्ये हा संघ कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला हलला आणि पहिल्याच वर्षी कप जिंकला.

त्या गाठोड्यामुळे संघ घडला, फोर्सबर्ग त्यातला एक नग, असं म्हटलं जातं. लिंड्रोसच्या शेजारी त्याला ठेवून बघू. लिंड्रोस 760 सामने, 865 गुण. फोर्सबर्ग 708 सामने, 885 गुण. ज्याच्यासाठी अख्खं गाठोडं मोजलं गेलं त्याच्यापेक्षा गाठोड्यातल्या एकट्याने कमी सामन्यांत जास्त गुण काढले, आणि दोन कपही जिंकले. लिंड्रोसलाही दुखापतींनी छळलं, तोही मोठा खेळाडू होता आणि रीतसर हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही. फक्त ‘वरचा माल’ हा शब्द मागे घ्यायला हवा.

निम्मी कारकीर्द दवाखान्यात, आणि हळहळीपोटी हॉल ऑफ फेम?

हिशेब करू. पहिला पूर्ण हंगाम 1995-96 पासून 2000-01 पर्यंत सहा हंगाम, प्रत्येकी 82, म्हणजे 492 सामने. फोर्सबर्ग खेळला 419. पंच्याऐंशी टक्के. पुढचे तीन हंगामही धरा, त्यात पूर्ण हुकलेलं 2001-02 सुद्धा: 738 पैकी 533, म्हणजे बहात्तर टक्के. यात प्लेऑफचे सामने धरलेले नाहीत, जे कारकीर्दभरात 151 झाले, म्हणजे जवळजवळ आणखी दोन हंगाम, तेही सर्वांत जड खेळाचे. त्यात 171 गुण. निम्मी कारकीर्द दवाखान्यात गेलेल्याला हे जमलं कधी?

खरी पडझड झाली ती नंतर. उजव्या पायाच्या घोट्याने आणि पावलाने दगा दिला. स्केटच्या बुटात पाऊल नीट बसेना. बूट पुन्हा पुन्हा बदलून, घडवून पाहिले, शस्त्रक्रिया झाल्या. फिलाडेल्फिया, नॅशव्हिल, पुन्हा कोलोरॅडो, मग घरी मोडो. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये उद्घाटनाला स्वीडनचा झेंडा त्याच्या हातात होता. 2011 च्या फेब्रुवारीत, 37 व्या वर्षी, कोलोरॅडोकडून दोन सामने खेळून बघितले आणि 14 फेब्रुवारीला थांबला. या शेवटच्या प्रयत्नांची काहीजण टवाळी करतात. ज्याच्याकडे सगळे किताब दुप्पट आहेत त्याला पैशासाठी किंवा नावासाठी दुखऱ्या पायावर परत यायची गरज नव्हती. त्याला खेळायचं होतं, एवढंच.

आता हॉल ऑफ फेम. खेळणं थांबवल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. फोर्सबर्ग 2014 मध्ये, पात्र होताक्षणी, आत गेला. सामन्यांची संख्या हा निकष असता तर बॉबी ऑर 657 सामन्यांवर बाहेर बसला असता. माइक बॉसी 752 सामने, पावेल बुरे 702, कॅम नीली 726. हे सगळे आत आहेत, आणि यातल्या कोणाच्या नावापुढे ‘हळहळीपोटी’ असं कोणी लिहीत नाही. 2017 मध्ये एनएचएलने आपल्या शंभर वर्षांतले शंभर मोठे खेळाडू जाहीर केले, त्यातही फोर्सबर्ग आहे.

जास्त काळ टिकणं हाही गुण आहे, आणि त्या कसोटीवर सॅकिक त्याच्या कितीतरी पुढे आहे: 1378 सामने, 1641 गुण. दोघांत मोठा कोण यावर प्रामाणिक वाद होऊ शकतो आणि मी सॅकिकच्या बाजूची माणसं समजू शकतो. निरोगी पावलांवर फोर्सबर्गने आणखी किती केलं असतं, हा प्रश्नही रास्त आहे, मलाही तो पडतो. तेव्हा सुरुवातीला सांगितलेला तो युक्तिवाद पुढे पाठवायचाच असेल, तर हा एक प्रश्न ठेवा आणि गोल, पेनल्टी, सॅकिक, नाजूकपणा, हळहळ ही बाकीची वाक्यं आधी खोडा.